वर्गातल्या शिक्षकांबद्दल तक्रार: ठाणे-नवी मुंबईत कोणतं दार उघडतं, कोणतं नाही

शिक्षकांच्या वर्गातल्या वागण्याबद्दल दाद मागायला ठाण्यात किंवा नवी मुंबईत आज पालकांसमोर आठ दारं आहेत: मुख्याध्यापक, तक्रारपेटी, सखी सावित्री समिती (शाळेतली मुलांच्या सुरक्षेसाठीची समिती), पालक-शिक्षक संघ, महापालिकेचा शिक्षण विभाग, जिल्हा परिषदेचे शिक्षणाधिकारी, आपले सरकार हे राज्य सरकारचं ऑनलाइन तक्रार पोर्टल आणि बाल हक्क आयोग. शिवाय १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन आणि पोलीस आहेतच. तरीही तक्रारी विरून जातात, आणि बऱ्याचदा त्याचं कारण पालकांच्या पहिल्याच कागदात असतं. म्हणून या परीक्षणात सगळ्यात जास्त जागा त्या कागदाला आणि पहिल्या दाराला दिली आहे.

त्याआधी प्रकार कोणता ते ठरवा, कारण दार त्यावर ठरतं. तासाला उशिरा येणं, वर्गात फोनवर बोलत राहणं, पाठ न शिकवता 'पुस्तकातून उतरवून घ्या' म्हणणं, मुलांचे रील काढणं, फी थकलेल्यांची नावं वर्गात मोठ्याने वाचणं, स्वतः तपासायच्या वह्या किंवा पेपर मुलांकडून तपासून घेणं, ही शिस्तीची आणि कर्तव्याची बाब आहे. मारणं, उठाबशा, तासभर उभं ठेवणं, रंगावरून, वजनावरून, इंग्रजी बोलण्यावरून सगळ्यांसमोर अपमान करणं, ही शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ खाली येणारी शारीरिक शिक्षा किंवा मानसिक छळ आहे, आणि तिथे 'मुलांच्या भल्यासाठी केलं' हा बचाव कायद्याने ठेवलेलाच नाही. 'माझ्या क्लासला या, नाहीतर तोंडी परीक्षेचं बघू' असं सुचवणं हा आणखी वेगळा विषय. त्याच कायद्याचं कलम २८ शिक्षकांना खासगी शिकवणी घेण्यास सरळ मनाई करतं. शेवटचा प्रकार लैंगिक स्वरूपाच्या स्पर्शाचा, बोलण्याचा किंवा मेसेजचा. तो शाळेचा विषय राहतच नाही, त्याबद्दल पुढे.

आता पहिला कागद. पालकांकडून साधारणपणे असं पत्र जातं: 'सदर शिक्षिका मुलांशी उद्धटपणे वागतात, त्यांना शिकवता येत नाही, तरी त्यांच्यावर कडक कारवाई व्हावी.' या पत्राला उत्तर देणं शाळेला फार सोपं जातं. शिक्षिका लिहून देतात, 'आरोप अमान्य', आणि फाइल बंद होते. उद्धटपणा म्हणजे काय, कधी, कुणाशी, यातलं काहीच पत्रात नसल्यामुळे चौकशी करायला काही उरतच नाही.

त्याऐवजी असं लिहा (हा नुसता नमुना आहे): 'मंगळवार, ८ जुलै. इयत्ता ६ वी, तुकडी ब, चौथी तासिका, गणित. गृहपाठ अपूर्ण असलेल्या पाच मुलांना फळ्यासमोर उभं केलं. "तुमच्या डोक्यात शेण भरलंय, तुम्ही म्युनिसिपालिटीच्या शाळेतच बरे होतात" असे शब्द वापरले. तासिका संपेपर्यंत, सुमारे वीस मिनिटं, मुलं उभी होती. माझा मुलगा त्या पाचांपैकी एक आहे. असाच प्रकार २४ जूनलाही घडल्याचं तो सांगतो.' यात एकही विशेषण नाही. तारीख, तासिका, शब्द, मिनिटं आणि हजर असलेली मुलं, एवढंच. मुख्याध्यापकांनी वेळापत्रक काढलं की चौथ्या तासिकेला वर्गात कोण होतं ते दिसतं, आणि बाकीच्या चार मुलांना विचारता येतं. कारवाई होते ती कृतीवर, स्वभावावर नाही. चांगल्या आणि वाईट तक्रारीतला सगळा फरक इथेच आहे.

मुलाकडून ही माहिती काढताना पालकांची गडबड होते. 'बाईंनी तुला मारलं ना?' असं विचारलं की लहान मूल हो म्हणतं. 'आज गणिताच्या तासाला काय काय झालं?' आणि मग 'पुढे?' एवढंच विचारा. मुलाचे शब्द त्याच दिवशी, त्याच्याच भाषेत वहीत उतरवा. आई-वडिलांनी शुद्ध केलेलं वाक्य चौकशीत टिकत नाही, कारण मूल तिथे वेगळंच बोलतं. तीन वेळा, तीन नातेवाइकांसमोर वदवून घेऊ नका. दप्तरात फोन किंवा रेकॉर्डर लपवून पाठवण्याचा मोह टाळा: बहुतेक शाळांत फोनला बंदी असते, मग मूळ तक्रार बाजूला पडते आणि चर्चा तुमच्या मुलाने नियम मोडल्याची होते. वर्गात सीसीटीव्ही असेल तर पहिल्याच दिवशी लेखी मागा की त्या तारखेचं, त्या तासिकेचं चित्रीकरण जपून ठेवावं. ही यंत्रं जुन्यावर नवं चढवत जातात, आणि महिनाभराने मागणी केली तर बहुधा काही हाती लागत नाही.

पत्राच्या शेवटी मागणी ठोस हवी. 'योग्य ती कारवाई' हे शब्द वापरू नका. मागा ते असं: संबंधित शिक्षकांचा लेखी खुलासा घ्यावा, पुढच्या दोन आठवड्यांत त्यांच्या तासांचं निरीक्षण व्हावं, आणि काय केलं ते सात कामाच्या दिवसांत लेखी कळवावं.

मुख्याध्यापकांचं दार: पाचपैकी चार. अनेकांना हे गुण जास्त वाटतील, पण वर्गात प्रत्यक्ष बदल सगळ्यात लवकर इथूनच होतो. मुख्याध्यापक अचानक तासाला जाऊन मागच्या बाकावर बसू शकतात, निरीक्षण लॉगबुकात लिहू शकतात, पाठ टाचण (शिक्षकांनी तासाआधी लिहायची पाठाची तयारी) तपासू शकतात, लेखी समज देऊ शकतात, तुकडी बदलू शकतात. यातल्या कशालाही वरून परवानगी लागत नाही. एक गुण कापला तो तोंडी कारभारासाठी. 'मी बोलतो त्यांच्याशी, तुम्ही काळजी करू नका' हे उत्तर प्रामाणिक असू शकतं, पण त्याची नोंद कुठेच राहत नाही, आणि तीन महिन्यांनी पुन्हा तसंच घडलं की ती पुन्हा 'पहिलीच तक्रार' ठरते. म्हणून तोंडी भेट झाली तरी त्याच संध्याकाळी शाळेच्या ईमेलवर चार ओळी पाठवा: आज अमुक वाजता भेटलो, हे सांगितलं, आपण हे करतो म्हणालात.

पत्राच्या दोन प्रती काढा. कार्यालयातल्या लिपिकांनी दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही, तारीख आणि आवक क्रमांक टाकून द्यायचा, त्याला पोच म्हणतात. चारपैकी आवक क्रमांक हमखास राहून जातो आणि नंतर नेमका तोच विचारला जातो. 'मॅडम नाहीत, नंतर या' असं म्हणून प्रत घ्यायला नकार मिळाला तर वाद घालू नका, त्याच दिवशी स्पीड पोस्टने पाठवा, पावती जपा आणि पोहोचल्याची नोंद छापून ठेवा. एक प्रत संस्थेच्या सचिवांना. खासगी शाळेत शिक्षकांची नेमणूक आणि शिस्तीची कारवाई संस्था करते, मुख्याध्यापक नाही.

'त्या शिक्षकांना काढाच' ही मागणी पहिल्याच पत्रात का चालत नाही, तेही इथेच सांगायला हवं. राज्य मंडळाच्या मान्यताप्राप्त खासगी शाळांतल्या शिक्षकांना १९७७ चा सेवाशर्ती कायदा आणि १९८१ ची नियमावली लागू आहे. मोठी शिक्षा द्यायची तर आधी आरोप लेखी कळवायचे, सात दिवसांत खुलासा मागायचा, तो पटला नाही तर तीन सदस्यांची चौकशी समिती नेमायची. तिच्या कामाला साधारण १२० दिवसांची मुदत आहे. ही पायरी गाळून कुणाला काढलं तर शाळा न्यायाधिकरणात तो आदेश टिकत नाही, आणि शिक्षक मागच्या पगारासकट परत येऊ शकतात. महापालिका आणि जिल्हा परिषद शाळांतल्या शिक्षकांचे शिस्तीचे नियम वेगळे, पण म्हणणं मांडायची संधी तिथेही द्यावीच लागते. ही संधी न्यायाची आहे आणि ती असायलाच हवी. चुकीच्या तक्रारीने एखाद्या चांगल्या शिक्षकांचं आयुष्य उद्ध्वस्त होऊ शकतं. समज, ताकीद आणि वेतनवाढ रोखणं या खालच्या पायऱ्या आहेत, आणि उशिरा येणं, अपशब्द, फोन यांसाठी त्याच मागणं शहाणपणाचं.

तक्रारपेटी: पाचपैकी दोन, तेही मुलांसाठी. शाळेत पेटी असावी असं शासनाने २०१७ पासून सांगितलं आहे. पण पेटी बघताना ती आहे का एवढंच बघू नका. ती कुठे टांगली आहे ते बघा. मुख्याध्यापकांच्या केबिनसमोर, शिपाईकाकांच्या खुर्चीच्या डोक्यावर असेल तर कुणी चिठ्ठी टाकणार नाही. पिण्याच्या पाण्याच्या नळाजवळ, मुलींच्या स्वच्छतागृहाकडे जाणाऱ्या वाटेवर असेल तर टाकतील. दुसरीतल्या मुलीचा हात पोहोचतो का? किल्ली कुणाकडे असते? पेटी उघडल्याची वही आहे का, तिच्यात शेवटची तारीख कोणती? कुलूप गंजलेलं दिसलं तर पालकसभेत त्याचा फोटो दाखवा. ही शंभर रुपयांची दुरुस्ती असते.

सखी सावित्री समिती १० मार्च २०२२ च्या शासन निर्णयाने आली. बदलापूरच्या शाळेतल्या अत्याचाराच्या घटनेनंतर ऑगस्ट २०२४ मध्ये शासनाने विद्यार्थी सुरक्षेचा नवा निर्णय काढला आणि ही समिती प्रत्येक शाळेत असलीच पाहिजे असं पुन्हा बजावलं. बदलापूर आपल्याच जिल्ह्यातलं, त्यामुळे इथल्या शाळांत आता फलक दिसतात. समितीत शाळेबाहेरच्या व्यक्तीही असतात, म्हणून मुख्याध्यापकच ज्या शिक्षकांची पाठराखण करतात त्यांच्याबाबत हे दार उपयोगी. फलकावर नावं आहेत पण बैठकीचं इतिवृत्त विचारलं की गप्प बसतात, असं झालं तर समिती कागदावरच आहे असं समजा आणि पुढे चला.

पालक-शिक्षक संघाबद्दल गैरसमज फार. २०११ च्या शुल्क विनियमन कायद्याने संघ आणि त्याची कार्यकारी समिती बंधनकारक केली, ती मुख्यतः फीसाठी. एका शिक्षकांच्या वागण्याची चौकशी करण्याचा अधिकार तिला नाही. मात्र एकाच वर्गाच्या सहा-सात पालकांचा अनुभव सारखा असेल तर संयुक्त पत्र कार्यकारी समितीमार्फत द्यायला ही जागा चांगली. प्रत्येक पालकाने आपल्या मुलाबाबतचा प्रसंग वेगळ्या परिच्छेदात लिहावा. एकाच मजकुराखाली चाळीस सह्या असलेलं पत्र जोरदार दिसतं, पण त्यातले तीस जण नंतर 'मी फक्त सही केली' म्हणतात आणि उरलेले दहाही दुबळे पडतात. अनुदानित आणि सरकारी शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते, तिच्यात तीन चतुर्थांश पालक असतात. तिथे हे दार संघापेक्षा वजनदार.

शाळेबाहेर पडलात की सगळ्यात मोठा घोळ पत्त्याचा होतो, आणि तो नवी मुंबईत जास्त. लोक खारघर, कामोठे, कळंबोलीला नवी मुंबईच म्हणतात, बोर्डावरही तसंच असतं. पण तो भाग पनवेल महापालिकेचा आणि जिल्हा रायगड. उलवेही रायगडमध्येच. तिथल्या शाळेची तक्रार बेलापूरच्या नवी मुंबई महापालिका मुख्यालयात दिली तर ती 'आमच्या हद्दीत नाही' म्हणून परत येते किंवा तशीच पडून राहते. ऐरोली ते बेलापूर पट्टा नवी मुंबई महापालिकेचा, जिल्हा ठाणे. ओळखायची सोपी खूण म्हणजे शाळेचा यूडायस क्रमांक, म्हणजे प्रत्येक शाळेला मिळालेला सरकारी ओळख क्रमांक. अकरा आकडी असतो, मुलाच्या प्रगतिपुस्तकावर किंवा दाखल्यावर सापडतो. २७२१ ने सुरू झाला तर ठाणे जिल्हा, २७२४ ने तर रायगड. तक्रारीत हा क्रमांक शाळेच्या नावापुढे लिहाच, कारण एकाच संस्थेच्या मराठी, इंग्रजी, प्राथमिक, माध्यमिक अशा चार शाळा एकाच इमारतीत असतात आणि कागद नेमका भलत्या टेबलावर जातो.

दुसरा प्रश्न इयत्तेचा. साधारणपणे आठवीपर्यंतच्या वर्गासाठी महापालिकेचा शिक्षण विभाग (ठाणे महापालिकेचं मुख्यालय पाचपाखाडीत आहे), नववी-दहावीसाठी जिल्हा परिषदेचे शिक्षणाधिकारी (माध्यमिक), ठाण्यासाठी ठाण्यात आणि रायगडसाठी अलिबागला. अकरावी-बारावीला शिक्षण उपसंचालक, मुंबई विभाग. सीबीएसई शाळा असेल तर मंडळालाही लिहिता येतं, पण मंडळ वर्गातल्या शिक्षकांची चौकशी करायला माणूस पाठवत नाही, ते शाळेकडून उत्तर मागवतं. त्यामुळे तिथेही मुख्याध्यापकांच्या पत्राची पोच आधी हवी.

शिक्षण कार्यालयाच्या या दाराला पाचपैकी तीन गुण. जमेची बाजू कायद्याची: सहा ते चौदा वयाच्या मुलाच्या हक्काबाबत लेखी तक्रार आली तर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३२ नुसार स्थानिक प्राधिकरणाने दोन्ही बाजू ऐकून तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो, आणि तो पटला नाही तर महाराष्ट्र राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येतं. पत्राच्या विषयातच 'कलम १७ व ३२ अन्वये तक्रार' असं लिहा. नुसतं 'तक्रार अर्ज' लिहिलं तर तो अर्ज नेहमीच्या टपालात मिसळतो. उणी बाजू अशी की पहिलं पाऊल म्हणून कार्यालय ते पत्र खुलाशासाठी त्याच शाळेकडे पाठवतं. घाबरू नका, तेच अपेक्षित आहे. पंधरा दिवसांनी जाऊन विचारायचं ते एवढंच: आवक क्रमांक अमुक, कोणत्या विस्तार अधिकाऱ्यांकडे दिलं, शाळेला पत्र कोणत्या तारखेला गेलं? या दोन उत्तरांनी प्रकरण हलतं.

आपले सरकार पोर्टल: नोंद करायला उत्तम, टोकन क्रमांक लगेच मिळतो. निर्णयासाठी त्यावर विसंबू नका. तिथली तक्रार फिरून शिक्षणाधिकाऱ्यांकडेच येते.

तीन महिने उलटून गेले आणि काहीच कळलं नाही, तर माहिती अधिकाराचा अर्ज हे खरं कामाचं हत्यार आहे. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत. महाराष्ट्रात ही शब्दमर्यादा आहे, आणि लांबलेले अर्ज त्याच कारणाने परत येतात. अर्ज खासगी शाळेला नाही, शिक्षण कार्यालयाच्या जनमाहिती अधिकाऱ्यांना करायचा. 'कारवाई का केली नाही' असं विचारू नका, 'का' ही माहिती नसते. 'अमुक आवक क्रमांकाच्या तक्रारीवर झालेल्या कार्यवाहीच्या टिपणीची आणि शाळेशी झालेल्या पत्रव्यवहाराची प्रत' मागा. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं, आणि पुष्कळदा तक्रारीवरची कार्यवाहीच त्या तीस दिवसांत सुरू होते.

लैंगिक स्वरूपाचं काहीही असेल तर वरचं सगळं बाजूला ठेवा. पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा २०१२ चा कायदा, त्याच्या कलम १९ नुसार ज्याला कळलं त्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. संस्थाप्रमुखाने दडवलं तर त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. 'आधी आमची अंतर्गत चौकशी होऊ द्या, मग बघू' असं शाळा म्हणाली तरी थांबू नका. थेट पोलीस ठाणे, ११२, किंवा चोवीस तास चालणारी १०९८ ही हेल्पलाइन. मुलाचा जबाब घरी किंवा मुलाला बरं वाटेल त्या जागी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेशात नसताना घ्यायचा असतो. हे आधी माहीत असलं की पालक मुलाला घेऊन पोलीस ठाण्याच्या बाकड्यावर तासन्‌तास बसत नाहीत. माराने इजा झाली असेल तर त्याच दिवशी सरकारी किंवा महापालिकेच्या रुग्णालयात, कळव्याला किंवा वाशीला, दाखवून वैद्यकीय नोंद करून घ्या आणि कागदाची प्रत मागा. वळ दोन दिवसांत जातात. जातिवाचक अपमान असेल तर तोही थेट पोलिसांचा विषय आहे, १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालचा.

वर्गाच्या व्हॉट्सॲप गटाला मी एकही गुण देणार नाही. तिथे शिक्षकांचं नाव, फोटो आणि दोन विशेषणं टाकली की संध्याकाळपर्यंत ते दुसऱ्या शाळेच्या गटात असतं. त्यातून मानहानीची नोटीस येऊ शकते, भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली. शिवाय गटात आधी सगळ्यांनी एकमेकांचं वाचलेलं असलं की मुलांची सांगणी एकसारखी होतात, आणि चौकशीत ती पढवलेली वाटतात. पोक्सोच्या प्रकरणात तर मुलाची ओळख कळेल असा एक शब्दही टाकायचा नाही. दुसऱ्या पालकांशी बोलायचं तर एकेकाशी, समोर बसून, 'तुमच्या मुलीने गणिताच्या तासाबद्दल काही सांगितलं का?' एवढंच विचारून.

राहतो प्रश्न तक्रारीनंतर मुलावर राग निघण्याचा. दहावीला भाषेसारख्या विषयांत वीस गुण शाळेच्या हातात असतात आणि पालक त्या वीस गुणांपायी वर्षभर गप्प बसतात. ही भीती खोटी नाही, त्यावर तयारी हाच उपाय. तक्रार देण्याआधीच्या चाचण्यांच्या उत्तरपत्रिका, तपासलेल्या वह्या, उपक्रमाच्या फाइलींचे फोटो तारखेसह काढून ठेवा. तक्रारीच्याच पत्रात एक ओळ घाला: 'माझ्या पाल्याच्या अंतर्गत मूल्यमापनाची नोंद दुसऱ्या विषय शिक्षकांकडून पडताळून घ्यावी.' ही मागणी मुख्याध्यापक एका सहीत मान्य करू शकतात. पुढचे सहा आठवडे दर शुक्रवारी मुलाला तीनच गोष्टी विचारा: या आठवड्यात बसायची जागा बदलली का, हात वर केल्यावर विचारलं का, वही तपासून मिळाली का. उत्तरं तारखेसह त्याच वहीत. सलग तीन शुक्रवार काही खटकलं तर दुसरं पत्र, पहिल्याच आवक क्रमांकाचा संदर्भ देऊन.